पाठीच्या उंचीवर

झाशीच्या बसमधून, ड्रायव्हरच्या शेजारी बसून आली ती:
भोकाभोकांची दोन खोकी, एकशे वीस जीव.
ड्रायव्हर म्हणाला, "रातभर गाते आए हैं."
नवतप्याचा दुसरा दिवस.
मुरारच्या पुढे, बडागावच्या वाटेवर,
पत्र्याखालच्या आमच्या खोलीत
पारा त्रेचाळीस.

पुस्तकात होतं: पहिला आठवडा, पस्तीस.
शरयूवन्संनी ते पाटीवर उतरवून घेतलं.
तीस वर्षं विज्ञान शिकवलंय त्यांनी,
उत्तराखाली दोन रेघा ओढल्याशिवाय
हात थांबत नाही त्यांचा.
त्रेचाळीसातून पस्तीस वजा केले,
बल्ब काढून टाकला
आणि कूलर ओढत आणला.
वाळ्याच्या नव्या ताट्या, टाकीत बर्फाची लादी,
तोंड थेट पिल्लांकडे.
आम्ही दोघी त्या रात्री
नुसत्या पंख्याखाली झोपलो, मोठ्या मनाने.

सकाळी सात.
म्हणजे सात वाजता नव्हे.
सात पिल्लं, पत्र्याच्या रिंगणाला चिकटून,
एकमेकांवर चढता चढता थांबलेली.
खालचा भुसा दमट.
"ऊन लागलं," मी म्हणाले,
कारण इथे मे महिन्यात माणसाला, म्हशीला, झाडाला
दुसरं काय लागतं?

भदौरिया कंपाउंडर सायकलवरून आला.
मेलेल्यांकडे फारसं पाहिलंच नाही त्याने.
भुशावर उघडा तळवा ठेवून बसून राहिला
नाडी सापडेपर्यंत बसावं तसा.
मग म्हणाला, "ठंड से मरे हैं."

वन्सं हसल्या. चांगलं हसू नव्हतं ते.
बाहेर रस्त्याचं डांबर चपलेला धरून ठेवत होतं,
कावळे नळाखाली चोची उघडून बसले होते,
आणि हा म्हणतो, ठंड.

त्याने थर्मामीटरकडे बोट केलं.
भिंतीवर, खिळ्याला,
वाचायला सोपा जावा म्हणून
बरोबर आमच्या डोळ्यांसमोर टांगलेला.
"यहाँ तो आप रहती हैं," तो म्हणाला,
आणि खाली भुशाकडे पाहून,
"वो वहाँ रहते हैं."
चहा न घेताच गेला.

आता तो सुतळीला बांधून खाली सोडलाय,
भुशाच्या दोन बोटं वर, पिल्लाच्या पाठीच्या उंचीवर.
वाचायचा तर गुडघे टेकावे लागतात.
वन्संचा डावा गुडघा वाकत नाही,
म्हणून त्या सरळ पालथ्या झोपतात
आणि गाल भुशाला लावून आकडा सांगतात.
कूलर व्हरांड्यात, भिंतीकडे तोंड करून, शिक्षा झाल्यासारखा.
दुपारी बल्ब बंद, ओली पोती खिडकीला बाहेरून,
पाण्यात गुळाचा खडा,
मातीची पसरट भांडी, तासातासाला बदलायची.
रिंगण हातभर रुंद केलं,
ज्याला नकोसं होईल त्याने दूर जावं.

पाटीवरची दोन रेघांची पस्तीस पुसली.
आता तिथे रोज काहीतरी वेगळं असतं.
"पंख सोडून धापा टाकतायत. पोती भिजव."
"रिंगणभर पांगलेली, खातायत. हात लावू नकोस."
"गोळा झालीयत. आवाज टोचतोय. बल्ब."
परवा नुसतं होतं: "झोपली."

काल रात्री अडीचला वीज गेली.
आम्हा दोघींचे ब्लाऊज पाठीला चिकटलेले,
मानेवरून घाम ओघळतोय,
आणि अंधारात खालून तो आवाज सुरू झाला,
बारीक, टोकदार, थांबेना.
वन्सं चाचपडत कपाटाशी गेल्या,
जानेवारीची शाल काढली, डांबराच्या गोळ्यांचा वास असलेली,
आणि अर्ध्या रिंगणावर पसरली.
मी तांब्यात गरम पाणी भरून
टॉवेलात गुंडाळून मध्ये ठेवला.
कुणी पाहिलं असतं तर
वेड्यांच्या इस्पितळात फोन केला असता.

आवाज एकेक करून विझला.
वन्सं तिथेच पालथ्या, हात रिंगणाच्या आत.
कोपराच्या खळग्यात तीन-चार पिल्लं येऊन टेकली.
"किती?" मी विचारलं.
टॉर्च माझ्याच हातात होता, त्यांच्यापाशी नव्हता.
"बरोबर आहे," त्या म्हणाल्या.

पहाटे वीज आली, पंखा फिरू लागला.
मी उठून तो बंद केला.